खळ काढलेलं पाणगवत

अकलूजकडच्या एका कालव्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं. पाणी असं जोरात चाललेलं, की चप्पल पडली तर गेलीच म्हणून समजा. आणि तळाशी पाणगवतात बोटभर मासे निवांत थांबलेले. त्या निवांतपणापायी मी, चाळिशी उलटलेली प्राध्यापक बाई, पीएचडीला बसले. गवत वाहत्या पाण्याला किती अडवतं आणि माशाला विसावा कुठे मिळतो, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या लांब पन्हळीत दाखवायचं होतं.

मासे जेऊरहून कॅनमधून आणले. खरं गवत दोन दिवसांत कुजायचं, म्हणून खोटं करणं आलं. प्लास्टिकच्या पट्ट्या ढिम्म वाकेनात. मग मला अक्कल सुचली: सोलापुरात सुताला काय तोटा! प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांची बायको चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात आहे. तिने मागावर उरलेल्या सुताच्या दशा पिशवी भरून पाठवल्या. आठ दिवस बसून मी जाळीत एकेक झुपका ओवला. बोटं सोलली.

मासे सोडले, पंप चालू केला. एकही मासा गवतात थांबला नाही. सगळे धडपडत मागे ढकलले गेले आणि शेवटच्या जाळीला टेकून धापा टाकू लागले. मी घाईने पंप बंद केला. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर फोनवर शांतपणे म्हणाले, गुरुवारी येतो, तोवर जमलं नाही तर माशांवरचा भाग प्रबंधातून काढून टाकू. तीन वर्षं गेली होती त्या भागात. तो गेला की उरणार काय, तर पाण्याच्या वेगाचे आकडे, तेही कुणीही काढावेत असे. इतका संताप आला, की मामांवरच खेकसले, इथे हा पसारा कशाला म्हणून. पसारा माझाच होता.

बाही सरसावून मामांनी पन्हळीत हात घातला, एक झुपका चिमटीत चोळला आणि बोटं माझ्यापुढे धरली. बोटांना बुळबुळीत चिकटा लागला होता.

"मॅडम, ह्याची खळ न्हाय काढली व्हय? दशा चिकटून काठ्या झाल्यात की. मासा बसंल कुटं?"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, हे सोलापुरात कुणीही सांगेल. आणि मी, इथेच लहानाची मोठी झालेली, पाण्याची खोली चुकली की वेग चुकला म्हणून पुस्तकं उलटत बसले होते.

मामांनी जाळी स्कूटरवरून घरी नेली. त्यांच्या बायकोने ती सोडा घालून उकळली, तीनदा खंगाळली. मी माफी मागितली, तर मामा म्हणाले, तुमी लई ताण घेता.

बुधवारी दुपारी पुन्हा पाणी सोडलं. आता दशा मोकळ्या होत्या, पाण्याबरोबर वाकत होत्या. पण मासे परत मागेच गेले. मला बघवेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

"मॅडम, बगा."

तिसऱ्या रांगेमागे एक मासा खाली उतरला होता. दशांमध्ये, तळालगत, नुसती शेपटी हलवत थांबला होता. पंप पुऱ्या जोरात चालू होता. बघता बघता दुसरा आला, तिसरा आला. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं.

गुरुवारी सर काचेपुढे उकिडवे बसून किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, गवत कशाचं केलंत? मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, ते मामा सांगतील.

मामांनी हात पँटीला पुसले. सरांनी वही उघडली.