माघारी फिर, खाला!

आधीच सांगते — भुतंखेतं, दृष्टांत, कौल यातलं मी काहीही मानत नाही. अब्बांनी गावाहून आणलेली अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत मोठी झाले. तरी हे लिहितेय, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीचे, राहतो मस्कतला, रुवीत. माझी खाला, अम्मीची बहीण, येमेनमध्ये, ताइझला नर्स आहे. लग्नही तिथेच केलं. युद्धात ते शहर मधोमध फाटलं... घर एका बाजूला, हॉस्पिटल दुसऱ्या बाजूला. फोन बंद पडले की ती पत्रं पाठवायची — ट्रक ड्रायव्हरच्या हाती सीमेअलीकडच्या सलालापर्यंत, तिथून बसने आमच्याकडे. मराठीत. "दोन्हीकडच्या शिपायांना वाचता येत नाही, म्हणून खुशाल दोघांना शिव्या देते," असं लिहायची.

मोठ्याने वाचायचं काम माझं. त्या शुक्रवारी दुपारी मी सुरमई तळत होते. अम्मीला धीर नव्हता. "वाच गो, मासळी करपूं दे!"

खालाने लिहिलं होतं, "उद्या सकाळी जुन्या बाजारातून पलीकडे जाणार. तिथे गोळे पडतात, पण डोंगरावरच्या रस्त्याने अख्खा दिवस जातो."

पत्र तीन आठवडे जुनं. तरी मी ओरडले, "खाला, जाऊ नको! माघारी फिर!" हातातलं उलथणं फरशीवर आदळलं.

"कागदावर काय ओरडतंस गो!" अम्मी म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

मग पुढचं पत्र आलं. पहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं. "बाजाराच्या तोंडाशी तुझी हाक ऐकली. माघारी फिर म्हणालीस. मागोमाग भांडं पडल्याचा खणखणाट. मागे आले, बघते तर कोणी नाही... आणि पुढे गोळा पडला. पाववाला गेला. शेजारची उम्म सालेमही गेली."

तारीख पुन्हा पुन्हा पाहिली. तिने ऐकलं तेव्हा मी ओरडलेच नव्हते, ओरडले ते तीन आठवड्यांनी!

अम्मीने डोळे पुसले. "अल्लाची मेहेर."

"मग पाववाल्यावर का नाही झाली?"

"कॉइन्सिडन्स, बेटा," अब्बा म्हणाले.

"आणि उलथणं?"

त्यांनी माझ्या हातून पत्र घेतलं आणि तारीख पुन्हा वाचली.

एकीला वाचवून बाकीच्यांना मरू देणारा चमत्कार मला नको. स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. पण मी खालाला कळवलं — गल्लीतल्या सगळ्यांची नावं पाठव. आता तिचं पत्र आलं की मी खिडकी उघडते आणि एकेक नाव घेऊन अरबीत आणि मराठीत ओरडते, "इर्जा! माघारी फिर!" खालचा दुकानदार वैतागतो, "खलास, सिस्टर, खलास! बस झालं!"

अजून कोणी ऐकल्याचं खालाने लिहिलेलं नाही.

मी ओरडणं थांबवलेलं नाही.