सुकदेवची दातपारख

पाचोऱ्याच्या गुरांच्या बाजारात सुकदेवशिवाय बैलाचा सौदा सहसा होत नसे. बैलाचा जबडा उघडायचा, दात बघायचे आणि वय सांगून मोकळं व्हायचं. दुदाती, चौदाती, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला, म्हणजे ऐन उमेदीतला. एरवी तो दीपचंद शेटजींकडे सालदार होता. शेत आणि गोठा दोन्ही त्याच्याच अंगावर. स्वतःचं वय त्याला ठाऊक नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

बासष्ट साली रेल्वेतल्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्यानं आपलं कुत्र्याचं पिल्लू शेटजींच्या गळ्यात मारलं. जात ग्रेट डेन, नाव ड्यूक. धनकुंवरबाईंना, म्हणजे शेटाणींना, हे नाव डुकराच्या फार जवळचं वाटलं. पिल्लू वर्षाच्या आत वासराएवढं झालं, तेव्हा सुकदेवनं त्याचं नाव गोऱ्ह्या ठेवलं. जैनाचं घर, तेव्हा मांसमच्छीचं नाव काढायची सोय नव्हती. गोऱ्ह्या दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाई, तीही दिवस मावळायच्या आत. कारण मग चूल बंद होई. सुकदेव त्याला बैलांबरोबर नदीवर नेऊन धुई. पोळ्याला त्याच्याही गळ्यात घुंगुरमाळ आली. शिंगं नसल्यानं त्यांना लावायचा हिंगूळ तेवढा उरला.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात गोऱ्ह्या मागच्या पायांनी लुळा चालू लागला. शेत दोन कोसांवर. तो गाडीमागे रेंगाळायचा, मध्येच बसायचा. सुकदेवनं जबडा उघडून पाहिला. दात शाबूत, वय सात. सात वर्षांचा बैल बसतो तो कामचुकारपणानं, हे त्याला पक्कं माहीत होतं. "ऊठ रे ढोंग्या," म्हणत त्यानं त्याला पावसाळाभर शेतावर चालवत नेलं. दसऱ्यानंतर एके दिवशी गोऱ्ह्या गोठ्यातून उठलाच नाही.

लंगड्या बैलाला डागतात, तसं त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर डागायचं सुकदेवनं ठरवलं. धनकुंवरबाईंनी हे कधी होऊ दिलं नसतं, म्हणून त्या जैन स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला गेल्याचं बघून त्यानं विळा निखाऱ्यात घातला. विळा लाल होत आला, तेवढ्यात शेटजींची म्हैस तपासायला गुरांचे डॉक्टर गोठ्यात आले.

"हे काय चाललंय?"

"डागी ऱ्हायनू. पाय धरेल शेतस."

डॉक्टर गोऱ्ह्याजवळ बसले. कंबर दाबून पाहिली, डोळ्यांत पाहिलं. "वय किती याचं?"

"सात वरीस. जुळेल शे. ऐन ज्वानी."

"ही जात आठ-नऊ वर्षं जगते, सुकदेव. जनावर जेवढं मोठं, तेवढं ते लवकर म्हातारं होतं. माणसात धरलं तर हा ऐंशीच्या घरात आहे. तो विळा काढ आधी."

सुकदेवनं विळा पाण्यात टाकला. डॉक्टर म्हशीकडे वळले, तिला तपासून गेलेही, तरी तो तिथंच बसून होता. अख्ख्या तालुक्यातल्या बैलांची वयं त्यानं सांगितली होती आणि स्वतःच्या गोठ्यातला म्हातारा त्यानं चार महिने हाकलत नेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"म्हतारा व्हयना तू," तो म्हणाला, "अन् माले कयनंच नही."

धनकुंवरबाई स्थानकातून परतल्या आणि स्वयंपाकघरात चहा टाकू लागल्या. मागच्या अंगणाकडून सुकदेवचा आवाज येत होता. तो नेहमीसारखा खेकसत नव्हता, फार अदबीनं बोलत होता.

"आबा, उठू नका. आठेच आनस मी भाकर. बठ्ठी खायी ल्या."

कुणी वडीलधारा पाहुणा आला असेल, असं समजून बाईंनी दोन कप भरले आणि स्वतःच घेऊन गेल्या. गोठ्यात पाहुणा कुणी नव्हता. सुकदेव कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाईंना पाहून तो उठला नाही. डोकं खाली ठेवावं लागलं असतं. बाईंनी दोन्ही कप त्याच्या हाताशी ठेवले. त्यानं एक कप बशीत ओतला, फुंकर घालून चांगला गार केला आणि गोऱ्ह्यापुढे धरला.

बाई आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दोनच कप पाठवले.