सुतळीचं दुसरं टोक

गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाट बसवायला आलेल्या सुताराने काल सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. "दीदी, कोने पे पकडिए." सुतळीचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, दिल्ली कँटोन्मेंटमधल्या गणपतीच्या मांडवात पोचले.

बाबा फौजेत. मांडव तेच उभारायचे. त्या वर्षी समोरासमोरच्या बाजू मोजून सारख्या भरल्या, तरी मला तो तिरका दिसत होता. "चल, डायगोनल मोजू," बाबा म्हणाले. शाळेत हा शब्द मी नुसता पाठ केलेला. आम्ही एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरली, तर वीतभर जास्त झाली. बाबांनी खांब सरकवले, दोन्ही मापं जुळली आणि मांडव सरळ झाला.

मग मला चैनच पडेना. कॅरम, खाट, खिडकी, सगळं मोजून झालं. शेवटी आईचा गोल पोळपाट घेऊन गेले. "बाबा, याचा डायगोनल कुठून धरू?"

"धर कुठूनही," ते हसले. "दुसरं टोक मी पकडतो."

काल सुतळी ताणली गेली, तेव्हा पलीकडे सुतारच आहे हे माहीत असूनही मी मान वर करून पाहिलं.