न्यायला आलेली माणसं

उमरग्याच्या मोटारस्टँडवर आम्हाला पोचवायला कुणी आलं नव्हतं. दादाच्या दुकानात सकाळपासून गिऱ्हाईक होतं. गल्ल्यावरूनच तो म्हणाला, "सांभाळून जा गं. मायला खिडकीजवळ बसव." वहिनीनं ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून दिला होता. आई, म्हणजे आमची माय, गाठोडं मांडीवर घेऊन गाडीची वाट बघत बसली.

माझे दोन्ही भाऊ चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटायचं. वडील गेल्यापासून माय मृगापासून मार्गशीर्षापर्यंत उमरग्याला थोरल्याकडे असते आणि पुढचे महिने सोलापूरला धाकट्या वसंताकडे. तो तिथं गिरणीत आहे. दोन्हीकडे तिला वेळेवर जेवण मिळतं, औषध मिळतं. लेकीकडे राहायला मात्र ती तयार नाही. जावयाच्या घरचं पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं आहे, की नाताळच्या सुट्टीत पुण्याहून यायचं आणि तिला उमरग्याहून सोलापूरला पोचवायचं. मृगाला उलटी खेप असते, तेव्हा ओळखीचा एखादा ट्रकवाला बघतात.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आलेली, मधे काळी रानं आणि तुरीचे पट्टे. शेजारच्या बाकावरची माणसं निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होती. माय डुलक्या घेत होती. या वाटेवर ती फक्त एका ठिकाणी जागी होते. सोलापूरच्या अलीकडे निजामाच्या वेळचा करोडगिरीचा (जकातीचा) नाका होता, तिथं उतारूंची गाठोडी सोडून बघत. संस्थान विलीन झालं, नाका गेला, आता तर एकच राज्य झालं. पण ती जागा आली की माय अजून सावरून बसते आणि गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी धरते. ते ती कुणाच्या हाती देत नाही. मी कितीदा मागितलं, तर म्हणते, "ऱ्हाऊ दे. माझं मला हाय."

नळदुर्गचा किल्ला मागं पडला आणि अणदूरच्या अलीकडे रस्ता माणसांनी भरून गेला. बैलगाड्या, पिवळी झालेली कपाळं, वाघ्यांच्या गळ्यातल्या भंडाऱ्याच्या (हळदीच्या) पिशव्या. खंडोबाची यात्रा होती. अशा गर्दीत आमच्या गाडीनं बरोबर गावाच्या तोंडाशी मान टाकली. ड्रायव्हरनं इंजिनाचं झाकण उघडून बघितलं आणि निवांतपणे सांगितलं, "पट्टा तुटला. दुसरी गाडी येईल सांजच्याला." मग तोही दर्शनाला गेला. खंडोबानंच थांबवलं म्हटल्यावर त्याला कोण बोलणार?

रस्त्याकडेला इस्माईलभाईंचं चहाचं हॉटेल होतं. वयस्कर माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी मायला बघून बाक झटकला, पाणी दिलं. शेजारी उतरलेल्या एका कुटुंबानं आम्हाला आग्रहानं वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा वाढला. आमची भाकरी त्यांनी घेतली. खाता खाता मी विचारलं, "यात्रा कधी संपते?"

"आज संपली समजा," इस्माईलभाई म्हणाले. "आता देव नळदुर्गाला जातो. तिकडं थोडं दिवस ऱ्हातो, फिर वापस अणदुराला. देव एकच हाय, गावं दोन."

"मग तुम्ही पोचवायला जाता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी वेडंवाकडं बोलले असावे. "आपण कशाला पोचवायचं, बाई? देव हाय तो. ज्यांना पायजे त्यांनी यायचं, मागायचं. परत कधी देणार ते चार माणसांत सांगायचं, मग उचलायचा. न्हाय तर गाव देवाला सोडंल का?"

माय रोडगा मोडता मोडता थांबली होती.

तिन्हीसांजेला नळदुर्गची माणसं आली. आम्ही देवळाच्या ओवरीत उभ्या होतो. दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसले. पानसुपारी झाली. अणदूरच्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरून विचारलं, "देव परत कधी आणणार?" उत्तर त्याला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी विचारलं. नळदुर्गच्या म्हाताऱ्यानंही ते पहिल्यांदाच सांगतो आहे अशा गंभीरपणानं सांगितलं. मग पालखी उठली, भंडारा उधळला आणि माझ्याजवळच्या बाया पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. दोन तासांच्या वाटेवर तर चालला होता देव.

"सुमे," माय म्हणाली, "द्येव बी पाळीनंच ऱ्हातो की गं."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "तेच तर. त्यात कमीपणा कसला?"

"पाळीत न्हायच कमीपणा," ती म्हणाली. "पर त्येला न्यायला आलीत."

गर्दीतून वाट काढत मी तिला हॉटेलाकडे परत आणलं.

सोलापूरची गाडी आली तेव्हा मी गाठोड्याला हात घातला. मायनं तो बाजूला केला. "तू जा. वसंताला सांग, माय अणदुरात हाय. न्यायची असंल तर ये म्हणावं."

"आणि नाही आला तर?"

"न्हाय आला तर न्हाय," ती म्हणाली. गाठोडं घेऊन ती बाकावर जाऊन बसली. मी रागावले, समजावलं, हात जोडले. शेवटी इस्माईलभाई म्हणाले, "जाव बेटी. अम्मा माझ्या घरी ऱ्हातील. माझी बायको हाय, सुना हायत." मी एकटीच गाडीत चढले. नाक्याची जागा कधी गेली ते मला कळलं नाही. वसंता आला नाही तर तिला कुठं न्यायचं, हाच विचार डोक्यात होता.

वसंता जेवायला बसला होता. ऐकून तो भडकला. "तिला वाटेत टाकून आलीस? उद्या माझी पाळी आहे गिरणीत. सकाळी जा आणि घेऊन ये."

"मी आणलं तर ती यायची नाही."

"हा काय हट्ट? मी कधी नको म्हटलंय तिला?"

"नको म्हटलं नाहीस," मी म्हणाले. "ये म्हणायला कधी गेलाही नाहीस."

तो ताटावरून उठला. सकाळी उठले तर तो धुतलेला सदरा घालून दारात उभा होता.

अणदुरात यात्रा पांगली होती. रस्त्यावर नुसती पिवळी धूळ. माय हॉटेलसमोरच्या बाकावर बसली होती, गाठोडं मांडीवर. वसंताला बघूनही ती उठली नाही.

"का आलास?"

वसंता गोंधळला. रागानं तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं असावं. मान खाली घालून म्हणाला, "तुला न्यायला आलोय, माय."

"परत कधी देणार?"

"परत कशाला? ऱ्हा की."

"तसं न्हाय. थोरला बी हाय मला. कधी देणार ते सांग."

वसंतानं माझ्याकडे बघितलं, इस्माईलभाईंकडे बघितलं. "मृगाला," तो म्हणाला. "पण दादा न्यायला आला तरच."

मायनं इस्माईलभाईंच्या बायकोचा निरोप घेतला. मग उठली आणि गाठोडं वसंताच्या हातात दिलं.

नाक्याची जागा आली तेव्हा मी मुद्दाम वळून बघितलं. माय खिडकीला डोकं टेकून झोपली होती. गाठोडं वसंताच्या मांडीवर होतं आणि त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

इतकी वर्षं मला वाटे, आईची वाटणी झाली हेच आपलं दुःख. आता वाटतं, वाटणी देवाचीही होते. जिथं मागणारा येतो तिथं वाटणी हा मान असतो. नुसता पोचवणारा असतो तिथं ओझं. जेवण, अंथरूण, औषध दोन्हीकडे सारखंच.

पुण्याला पोचले तेव्हा शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. दरवर्षीप्रमाणे त्यांनी विचारलं, "काय, पोचवलंत का आईला?"

"नाही," मी म्हटलं. "भाऊ येऊन घेऊन गेला."