घोंगडीतले कुत्रे आणि दाजींचा ब्लॉग

लष्करातल्या माणसाने तैनातीवर असताना ब्लॉग लिहावा की लिहू नये, या प्रश्नावर माझे ठाम मत आहे. ठाम मत असणे ही माझ्यासाठी नवी अवस्था आहे. मी उभी हयात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, आणि तेही बहुतांशी फळ्याकडे तोंड करून. लेखनाला तर निवृत्तीनंतर हात घातला. मत पोहोचायला थोडा उशीर झाला असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सैन्यात हवालदार होते. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत त्यांची पलटण उत्तरेकडच्या बर्फात होती आणि बहीण तेवढ्या काळापुरती कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आमच्याकडे राहायला आली होती. दाजी बोलण्यात कमालीचे काटकसरी. फोन आला की "बरं हाय. तू बरी हाईस न्हवं? ठेवतो," एवढ्यात संसार उरकत. बहीण रिसीव्हर खाली ठेवी आणि थोडा वेळ त्याच्याकडेच पाहत बसे.

अशा माणसाने ब्लॉग सुरू केला. खालच्या तळावर एक संगणक होता; पोस्टवरून उतरले की ते त्यावर मराठीत लिहीत. साहेबांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर. ठिकाण, संख्या, हालचाल यांतले काहीही बाहेर फुटले, की ब्लॉग बंद. दाजींनी ही अट इतकी मनावर घेतली, की त्यांच्या लेखनात युद्धाशी दूरान्वयानेही संबंध असलेले काही उरले नाही. उरले ते मोजे, स्टोव्ह आणि पोस्टवर आपण होऊन भरती झालेले एक कुत्रे.

"कुत्र्याने आज पुन्हा माझा डावा मोजा नेला," असे ते बहिणीला उद्देशून लिहीत. "उजव्याला तोंड लावत नाही. मोजे तू विणलेले आहेत म्हणून राग आला, एरवी आला नसता." किंवा, "तू दिलेली लसणाची चटणी आचाऱ्याने खिरीत घातली. त्याला वाटले, केशर. ती खाऊन दोघे जवान रडले. विचारले तर घरची आठवण आली म्हणाले."

बहिणीला संगणकाची भीती वाटे आणि मला माणसांची. त्यामुळे रविवारी आम्ही दोघे जवळच्या नेट कॅफेत जात असू आणि मी तिला हलक्या आवाजात वाचून दाखवीत असे. पण कॅफेत दोन संगणकांमधल्या लाकडी फळ्या खांद्यापर्यंतच्याच. पहिल्याच रविवारी पलीकडून आवाज आला, "सर, जरा मोठ्यानं की! कुत्र्याचं पुढं काय झालं?" महिन्याभरात आमच्यामागे खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. त्यांतली पहिली खुर्ची सुभेदार काकांची. हे आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार. जवानाने लिहूच नये, हे त्यांचे तत्त्व. आणि ते मोडले जाते आहे याची खात्री करून घेण्यासाठी ते दर रविवारी न चुकता येत.

"मास्तर, पुन्हा वाचा," ते मध्येच थांबवीत. "स्टोव्ह म्हणाले का? किती स्टोव्ह?"

"एकच, काका."

"बरं. हितवर चालंल."

त्या वर्षी गणपतीला पेठेतल्या मंडळाने दाजींच्या ब्लॉगवर सजीव देखावा करायचे ठरवले. अध्यक्ष स्वतः घरी आले. बहिणीने चहा केला आणि घाबरत विचारले, "पण त्यांचं लिहिणं बंद नाही ना पडणार यानं? तेवढंच बोलतात हो ते."

"वैनी, काय बी काळजी करू नका," अध्यक्ष म्हणाले. "आपण दाजींना पार वर नेऊन बसवतो!"

ही काळजी सुरू करणारीच भाषा होती. बहीण माझ्याकडे पाहू लागली. मी सुभेदार काकांकडे गेलो. काही मागण्यासाठी कुणाच्या घरी आपण होऊन जाण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. काकांनी शांतपणे ऐकले, मिशीवरून हात फिरवला आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी छडी घेऊन मांडवात तपासणीला आले.

"हा डोंगर कुठला?"

"थर्माकोलचा," अध्यक्ष म्हणाले.

"त्ये दिसतंय. शेंडे दोन हाईत. दोन शेंड्यांचा डोंगर वळखू येतो. काढा एक."

एक शेंडा कापला गेला. मग काकांना उरलेला शेंडाही फार टोकदार वाटला. ओढ्याचे पाणी डावीकडून उजवीकडे वाहत होते. त्यावरून दिशा कळते म्हणून ओढा गेला. चंद्र गेला. जवान चार उभे केले होते.

"म्हंजे पोस्टवर चार, हे फुटलं."

"मग किती करू? सहा?"

"सहा असले तर?"

"पाच?"

"अध्यक्ष, तुम्ही माझ्याकडनं आकडा काढून घ्यायला लागलाय," काका कडाडले. जवान सगळेच गेले. संध्याकाळपर्यंत देखाव्यात एक पांढरी चादर, एक स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले मोजे आणि कुत्रे एवढेच उरले. कुत्र्यावर काकांचा आक्षेप नव्हता.

पण कुत्र्याचे काम घेतलेला गडी घोंगडीत शिरला आणि अंगाला खाज सुटून पळून गेला. काळी, जाड, नवी कोरी घोंगडी. दोष त्याचा नव्हता. अध्यक्ष डोके धरून बसले.

"कुत्रं न्हाय म्हंजे देखावा न्हाय. लोक काय चादर बघायला येणार?"

मग सगळे एकदम माझ्याकडे पाहू लागले. "सर, घोंगडीत तोंड दिसत न्हाय," अध्यक्ष अजिजीने म्हणाले. "भुंकायचं बी न्हाय. भुंकणं सीडीवर घेतलंय."

तोंड दिसत नाही आणि बोलावे लागत नाही, असे काम मी आयुष्यभर शोधत होतो. एकच अट घातली, की महाविद्यालयात हे कळता कामा नये. अध्यक्षांनी समोरच्या गणपतीची शपथ घेतली.

पहिल्या संध्याकाळी पडदा सरकला, सीडीवर अध्यक्षांचा आवाज घुमला आणि मी चार पायांवर डाव्या मोज्याकडे निघालो. गर्दी खळाळून हसली. माझ्या वर्गात असे कधी हसू आले नव्हते. निदान मी वर्गाकडे तोंड वळवलेले असताना. दुसऱ्या खेळाला मी थर्माकोल उकरला. तिसऱ्याला अध्यक्षांची चप्पल पळवली, जी संहितेत नव्हती. पुढच्या रांगेत माझेच विद्यार्थी उभे होते. "कुत्रं लई भारी हाय की!" त्यांतला एक म्हणाला. माझ्या अध्यापनाबद्दल मला मिळालेला हा पहिला उत्स्फूर्त अभिप्राय.

आणि त्याच घोंगडीतून मला आईचा आवाज ऐकू आला. ती दर्शनाच्या रांगेत नव्हती, रांगेच्या कडेने चालत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "आमचं जावई हाईत बरं का ह्ये!" पुढे तिने पलटण सांगितली, जवळचे मोठे गाव सांगितले, पोस्टची उंची सांगितली. "आणि दिवाळी झाली की खाली उतरणार सगळी!"

दाजींनी हे कुठेही लिहिले नव्हते. गेल्या सुट्टीत आईने त्यांना जेवू घालताना काढून घेतले होते. तिच्या तांबड्या रश्श्याच्या तिसऱ्या वाटीपुढे लष्करी शिस्त टिकत नाही.

बहीण मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा चादरीइतका पांढरा पडलेला घोंगडीच्या भोकातून मला दिसला. आईला गप्प करणे माझ्या वडिलांनाही जमले नव्हते. मी चार पायांवरच सुभेदार काकांपाशी गेलो आणि त्यांचे धोतर तोंडात धरून ओढले. हात घोंगडीच्या पंजांत शिवलेले होते. दुसरा उपाय नव्हता. गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकांनी खाली पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि ऐकले.

त्यांनी आईला रागावले नाही. ते तिच्यापुढे अदबीने उभे राहिले.

"वैनी, देखाव्यात एक मोठी उणीव राहिलीया. वीरमाता न्हाय. तुमच्याशिवाय कोण हाय पेठेत?"

"अगं बाई! मी?" आई म्हणाली. "बोलायचं काय?"

"वीरमाता बोलत न्हाय. हातात आरतीचं ताट घ्यायचं आणि पुतळ्यावाणी उभं ऱ्हायचं. हललं की बक्षीस गेलं."

अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी आई नऊवारी नेसून, ताट धरून, तोंड मिटून उभी राहिली. मी तिच्या पायांशी मोजे पळवीत होतो. तिचे ओठ थरथरताना मला खालून दिसत. लोकांना तो उत्तम अभिनय वाटला. काकांनी त्या संध्याकाळी रांगेत होते त्या सगळ्यांना गाठून काय दरडावले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. ब्लॉग बंद पडला नाही.

म्हणून माझे मत असे आहे: जवानाने खुशाल लिहावे. जे सांगायचे नाही ते त्याला नेमके ठाऊक असते. पहारा बसवायचा तो त्याच्या सासुरवाडीवर.

विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही कॅफेत गेलो. दाजींचा फोन येऊन गेला होता आणि या खेपेला बहीण बराच वेळ बोलली होती, ही गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. नवे लेखन आले होते. मी वाचू लागलो.

"आमच्या कुत्र्याचे काम कोल्हापुरात माझ्या मेव्हण्यांनी केले असे कळले. ते अमुक महाविद्यालयात प्राध्यापक..."

मी थांबलो. दाजींनी 'अमुक' लिहिलेले नव्हते. महाविद्यालयाचे नाव होते, विषय होता, माझे आडनाव होते.

"सर, मोठ्यानं!" मागून आवाज आला.

मला वाचता येईना, तेव्हा संगणकाला घाबरणारी माझी बहीण पुढे सरकली आणि स्वतः मोठ्याने वाचू लागली. चप्पल, थर्माकोल, काकांचे धोतर, सगळे आले होते. शेवटी लिहिले होते, "हे ऐकून इथले सगळे इतके हसले, की कुत्रे उठून बाहेर गेले. मीही हसलो. तू समोर हवी होतीस." ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली, आणि मग तीच इतकी हसू लागली की खुर्ची मागे कलंडली.

मी शेवटचा आधार म्हणून सुभेदार काकांकडे वळलो. "काका, ठिकाण फुटले आहे. नावासकट. हे तरी आक्षेपार्ह आहे ना?"

काकांनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ न् ओळ तपासली. त्यांना घाई नव्हती.

"मास्तर," ते म्हणाले, "कुत्रं सिव्हिलियन हाय. जाऊ द्या."