कोठीचं दार आणि लातूरचे पाहुणे

माझ्या आयुष्यात मी एकच दार बनवलं आणि ते एकदाच बंद झालं.

मी काही सुतार नव्हतो. नांदेडच्या तहसील कचेरीत पेशकार होतो. म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवायचे आणि सही झाली की उचलायचे. अख्खी नोकरी ठेवण्यात आणि उचलण्यात गेली. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि नोकरी संपण्याला 'वजिफ्यावर जाणं' म्हणायचे. शब्द मोठा रुबाबदार! ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस घोड्यावर बसून मोहिमेवर निघालाय. प्रत्यक्षात मी कचेरीतून निघालो, घरी आलो आणि ओसरीवर बसलो.

बसलो तो बसलोच. शेवटी बायको वैतागली.

"अहो, तुम्ही असे बसून राहिलात की घरात कुणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटतंय मला. जरा कुठंतरी जात जा!"

"कुठं जाऊ?"

"मला काय मालूम? इतकी वर्षं जातच होतात ना कुठंतरी!"

खरं सांगायचं तर मला बसण्याचा त्रास नव्हता, हातांचा होता. कचेरीत हातांना सतत काहीतरी असायचं. आता ते मांडीवर पडून असायचे, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. या हातांनी मी जन्मात काय बनवलं, हा विचार एकदा डोक्यात आला आणि जाईना. काहीच बनवलं नव्हतं. साधं पोळपाटसुद्धा नाही.

झालं! मी बाजारात गेलो आणि करवत, रंधा, हातोडी, गिरमिट घेऊन आलो. मागच्या अंगाला आमची धान्याची कोठी होती. उजेडाला वर एक झरोका, बाकी चारी बाजूंनी माती. ज्वारीची पोती माजघरात हलवली आणि त्यांच्या जागी मी जाऊन बसलो. (पोती जास्त उपयोगी होती, असं बायकोचं म्हणणं होतं. ते तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं.)

पहिली वस्तू म्हणजे तिवई. सुरेख झाली! ऐटीत उभी राहायची. फक्त तिच्यावर कुणी बसायचं नाही, एवढीच अट होती.

दुसरी वस्तू दार. कोठीचं जुनं दार वाळवीनं खाल्लेलं होतं. लाकडाचा भुसा तिथून उडायचा तो थेट स्वयंपाकघरात. आमटीत दोनदा सापडल्यावर बायको म्हणाली, "त्या तुमच्या कारखान्याला आधी दार लावा, न्हाई तर मी चुलीला कुलूप लावते." मी कडुलिंबाच्या फळ्या आणल्या. लाकूड ओलं आहे, हे मला दिसत होतं. पण ओल्या लाकडावर रंधा असा काही लोण्यासारखा चालायचा की वाळेपर्यंत थांबायचा धीर कुणाला! दार तयार झालं. आत उघडणारं, एका झडपेचं. बिजागऱ्यांचे इस्क्रू पेचकसानं फिरवायला फार वेळ लागायचा, म्हणून ते मी हातोडीनंच ठोकून बसवले. बाहेरून ओढायला कडी लावली. आतली मूठ तेवढी राहिली होती.

आणि अशात कुसुमला बघायला लातूरचे पाहुणे यायचे ठरले.

कुसुम माझी धाकटी लेक. घरात तिच्या तोंडाला खंड नसायचा. भाजीवालीशी, शेजारणीशी, म्हशीशी, कुणाशीही ती तासभर बोलू शकायची. पण बघायला कुणी आलं की गप्प! आधी दोन स्थळं येऊन गेली होती. एकांनी तर परत जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलीला वाचा आहे ना?" बायकोनं त्या दिवशी जेवण केलं नाही.

मी कुसुमला विचारलं, "बेटा, बोलत का न्हाईस?"

"अप्पा, ते विचारतात, पण उत्तर ऐकून कुठं घेतात? मी तोंड उघडेपर्यंत दुसराच प्रश्न येतोय. मग मी कशाला मेहनत करू?"



पाहुणे श्रावणात आले. लातूरहून मोटारीनं, चिखलातून, अंग खिळखिळं होऊन. मुलाचे वडील तिथल्या अदालतीत सरिश्तेदार, म्हणजे सगळ्या दप्तराचे मुख्य. काळी शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी आणि तिच्याखाली कलप लावलेल्या काळ्याभोर मिशा. सोबत त्यांची बायको आणि मुलगा माधव. हा शाळेत मास्तर होता, पण बैठकीत असा अंग चोरून बसला होता की बघायला त्यालाच आणलंय असं वाटावं.

"नाव काय?" सरिश्तेदारांनी विचारलं.

"कुसुम."

मग शांतता. बाहेर पागोळ्या गळत होत्या, त्या ऐकू यायला लागल्या. माधव गालिच्याकडं बघत होता, कुसुमही त्याच गालिच्याकडं बघत होती. बायको माझ्याकडं बघत होती, 'काहीतरी करा' अशा नजरेनं. मग मी केलं.

"सरिश्तेदारसाहेब, माझा कारखाना बघता का?"

बायकोला हे अपेक्षित नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण सरिश्तेदार ताबडतोब उठले. त्या शांततेपेक्षा त्यांना कारखाना बरा वाटला असावा.

मी त्यांना करवत दाखवली, रंधा दाखवला, तिवई लांबूनच दाखवली. ते प्रत्येक वस्तूला "बराबर" म्हणाले. मग मी दाराकडं वळलो.

"हे मी स्वतः बनवलंय. असं बसतंय की फटीतून कागद सरकणार न्हाई. थांबा, लावून दाखवतो."

पावसानं ते फुगलं होतं, बसेना. मी खांदा लावला. तरी बसेना. मुलीचा बाप आहे, मागं कसा हटणार? पाठ लावली, पाय भिंतीला टेकवले आणि सगळा जोर काढला. धाडकन आवाज झाला आणि दार बसलं.

"वा!" सरिश्तेदार म्हणाले. "खरंच फट न्हाई."

"सांगितलं होतं ना!"

"आता उघडा."

मूठ लावायची राहिली होती, हे मला तेव्हा आठवलं. मी नखांनी ओढून पाहिलं. पटाशी घालून पाहिली, पण तिला जायला फट कुठं होती! बिजागऱ्या काढाव्या म्हटलं, तर हातोडीनं ठोकलेल्या इस्क्रूंची डोकी सपाट झाली होती. सरिश्तेदार शांतपणे बघत होते. अदालतीत आरोपीकडं बघायची सवय असते माणसाला.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, चहा झालाय! या की!"

"येऊन राहिलो!"

"येऊन राहिलो म्हणजे कधी?"

"जरा दार अडकलंय!"

 मग बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "सरिश्तेदारसाहेब कुठं आहेत?"

"इथंच आहेत. माझ्यासोबत."

"देवा!" एवढंच ऐकू आलं.

मग धावपळ सुरू झाली. माधव बाहेरून धक्के द्यायला लागला. प्रत्येक धक्क्याला चौकट हलायची, भिंतीची माती आमच्या डोक्यावर पडायची आणि दार जागच्या जागी! शेवटी सरिश्तेदार ओरडले, "माधव, बस कर! दार राहील आणि भिंत येईल!"

तेवढ्यात बाहेर आणखी एक आवाज चढला. कुसुमचा!

"असं न्हाई होत. खालच्या अंगाला अडकलंय ते. तुम्ही खाली जोर लावा, मी वर लावते. अहो, तिकडं न्हाई, इकडं! आणि चपला काढा आधी, पाय सरकून राहिलेत तुमचे!"

मी डोळे मिटून घेतले. बघायला आलेल्या मुलाला चपला काढायला लावणारी मुलगी सगळ्या मराठवाड्यात दुसरी नसेल!

दार काही निघालं नाही. मग कुसुमच्या लक्षात आलं, की आतल्या लोकांना निदान खायला तरी द्यावं. झरोका उंचावर होता. चढायला काहीतरी शोधताना माधवला अंगणातली दुसरी तिवई दिसली असावी. (पहिलीची सुधारून बनवलेली.)

"तिच्यावर नका चढू!" कुसुम किंचाळली. "ती अप्पांनी बनवलीय!"

सरिश्तेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर आढ्याकडं पाहिलं.

शेवटी माधवनं पाण्याचा पालथा रांजण धरून ठेवला, कुसुम त्याच्यावर चढली आणि झरोक्यातून सुशीलेच्या बशा आत आल्या. मुरमुरे भिजवून केलेली, वर भरपूर कोथिंबीर घातलेली सुशीला. आम्ही दोघं फळ्यांच्या ढिगावर बसून खायला लागलो. बाहेर दोघांचं बोलणं चालूच होतं. तो काहीतरी विचारायचा, ती लांबलचक उत्तर द्यायची, मग तो हसायचा.

सरिश्तेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीखाली टक्कल होतं आणि तिच्याशिवाय ते एकदम साधे, थकलेले दिसायला लागले.

"पेशकारसाहेब, एक विचारू? वजिफ्यावर गेल्यावर माणूस सकाळी उठून काय करतो?"

"का हो?"

"माझा वजिफा जवळ आलाय. घरात कुणाशी बोललो न्हाई. लोक मुबारकबाद देऊन राहिले आणि मी उरलेले दिवस मोजून राहिलो."

एरवी मी फुशारकी मारली असती. पण बंद कोठीत, डोक्यावर माती घेऊन, फुशारकी कशाची मारणार? मी खरं सांगितलं. सुरुवातीला मी कचेरीच्या वेळेला रोज शेरवानी घालून ओसरीवर बसायचो. कुठं जायचं नसायचं. तरी घालायचो. एकदा कुसुमनं पाहिलं, बटणं सोडली आणि शेरवानी खुंटीला टांगली. त्या दिवसापासून घातली नाही.

ते हसले नाहीत. हातातली बशी खाली ठेवली. मग विचारलं, "आणि हे लाकूडकाम? त्यानं बरं वाटतंय?"

"वस्तू काही धड होत न्हाईत. पण दिवस होतोय."

ते उठले. शेरवानीच्या बाह्या वर सरकवल्या. "दार तोडू या."

"माझं पहिलंच दार आहे हो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग मी तोडतो. द्या ती करवत."

गिरमिटानं खालच्या फळीला भोकं पाडली, त्यातून करवतीचं टोक घातलं आणि सरिश्तेदार कापायला लागले. आधी करवत अडायची. मी म्हणालो, हात सैल सोडा. मग ती चालायला लागली आणि त्यांचा चेहरा बदलला. घाम आला, भुसा उडाला, पण माणूस थांबेना! माणूस जाईल एवढं भोक झालं, तरी ते कापतच राहिले.

"अहो, मावाल आता, या की बाहेर!" त्यांच्या बायकोनं बाहेरून सांगितलं.

"थांब, हा कोपरा वाकडा आलाय."

अखेर आधी टोपी बाहेर गेली, मग सरिश्तेदार गुडघ्यांवर रांगत बाहेर पडले. समोर माझी बायको हात जोडून उभी. त्यांच्यामागून मी. सरिश्तेदार उभे राहिले, शेरवानी झटकली आणि रुबाबात सगळ्यांकडं पाहिलं.

आणि कुसुम हसली. गालातल्या गालात नाही, चांगली खदाखदा! बायकोनं तिचा दंड धरला.

"काय झालं बेटी, काय हसून राहिलीस?" सरिश्तेदारांनी विचारलं. आणि ते थांबले. खरोखर थांबले, तिनं सांगेपर्यंत.

"तुमच्या मिशा! आत गेल्या तेव्हा काळ्या होत्या, बाहेर पिवळ्या आल्या!"

 सरिश्तेदारांनी मिशांना हात लावला, बोटांवरचा भुसा पाहिला. आधी माधव हसला. मग त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. आणि मग खुद्द सरिश्तेदार असे हसले की भुसा सगळ्या अंगणात उडाला.

जाताना त्यांनी सांगितलं, मुलगी पसंत आहे. मी कुसुमला विचारलं, तुझं काय?

"दाराला पुढचा धक्का द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं, कोणत्या बाजूनं देऊ," ती म्हणाली आणि आत पळाली. एवढ्यावर मी काय ते समजलो.

लग्न झालं. वर्ष सरलं. माझे व्याही वजिफ्यावर गेले आणि मी लेकीला भेटायला लातूरला गेलो. व्याही दारातच वाट बघत उभे होते. अंगात मळका सदरा, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद.

"पेशकारसाहेब, आतापर्यंत हिच्यावर कुणाला बसू दिलं न्हाई. तुमच्यासाठी राखून ठेवलीय!"

समोर एक आरामखुर्ची होती. तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा उंच होता, आणि कुसुम त्यांच्या मागं उभी राहून मला मानेनं 'नको, नको' खुणावत होती. पण त्या माणसाच्या डोळ्यांत असं काही होतं की मला नाही म्हणवेना. मी बसलो.

"कशी आहे?" व्याह्यांनी वाकून विचारलं.

जमिनीवरून मान वर करून मी म्हणालो, "लई आरामशीर आहे!"