दोरीच्या आतले पीक

मातीच्या काळोखात निजलेल्या दाण्याला जो वेळ झाली म्हणून हळूच जागे करतो, आणि ज्याला त्यासाठी कोणत्याही कचेरीची मंजुरी घ्यावी लागत नाही, त्या जगन्नियंत्याला प्रथम वंदन. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांच्या नावाने घागर भरण्याचा दिवस. पिंपळनेरच्या वाटेवरील एका लहानशा गावी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आज तिच्या यजमानांच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्यांच्या, नावाची घागर मांडली गेली असेल. इकडे धुळ्यास देवपुरात पूजा आटोपून मी हे चार शब्द लिहावयास बसलो आहे, तेही त्यांच्याच निमित्ताने.

अखिल भरतखंडात रेडिओशी समोरासमोर भांडणारा आणि त्या भांडणात कधीही न हरलेला पुरुष एकच होऊन गेला, तो म्हणजे आमचे मेव्हणे. सारे गाव त्यांना आबा म्हणे, आणि मी वयाने वडील असूनही त्यांना आबाच म्हणत असे. सायंकाळच्या बातम्यांत निवेदिका मधुर स्वरात सांगू लागे की यंदा देशात अन्नधान्याचे विक्रमी उत्पादन झाले आहे, त्याबरोबर आबा खाटेवरून उठत, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवत, कारण सरकारशी बोडक्याने बोलू नये अशी त्यांची समजूत होती, आणि रेडिओपुढे उभे राहून विचारत, “कोना वावरमा?” कोणाच्या शेतात, एवढाच त्यांचा प्रश्न असे. निवेदिका त्याला उत्तर न देता पुढच्या बातमीकडे वळे. मग आबा टोपी काढून आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहत आणि म्हणत, “देखा दादा, नाव नही सांगस.” शांत असले म्हणजे ते शुद्ध मराठी बोलत आणि संतापले म्हणजे अहिराणी. या नियमामुळे त्यांचे शुद्ध मराठी माझ्या कानी फारसे पडले नाही.

त्यांच्या बंडीच्या खिशात एक लोखंडी ताणकाटा सदैव लोंबत असे. जगातील कोणतीही गोष्ट तोलल्याखेरीज नुसती ऐकून मानायची नाही, हे त्यांचे व्रत होते. नातीच्या बारशाला नाव ठेवण्याआधी त्यांनी तिला झोळीसकट काट्याला टांगले आणि आकडा पाहिल्यावरच पाळण्यात घालू दिले. मी पाठशाळेतून निवृत्त झालो तेव्हा मंडळींनी शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन माझा सत्कार केला. अध्यक्ष माझ्या विद्वत्तेविषयी अतिशयोक्ती करीत असता पहिल्या रांगेतून आबा उठले, माझ्या मांडीवरचे श्रीफळ त्यांनी काट्याला लावले आणि भर सभेत मला कळवले की नारळ हलका आहे, आतले पाणी आटले आहे. अध्यक्षांच्या भाषणाचाही त्यानंतर लवकरच समारोप झाला.

परंतु त्यांच्या स्वभावातील सर्वांत मोठे कोडे निराळेच होते. सरकारविषयी ते जे बोलत ते लिहिण्याजोगे नसे. मात्र सरकारची वस्तू दारी आली की ती त्यांना देवाच्या प्रसादासारखी वाटे. शिरगणतीच्या वेळी कोणीतरी त्यांच्या भिंतीवर गेरूने एक क्रमांक रंगवून गेला होता. पुढे दर दिवाळीला घराला चुना लागला, परंतु तेवढा चौकोन सोडून. क्रमांक पुसट झाला तेव्हा आबा तो पुन्हा रंगवून मिळावा म्हणून सही-शिक्क्याचा माणूस शोधत दोन वेळा तालुक्याच्या गावी साक्रीला जाऊन आले. माझी बहीण, जिला सारे गाव अक्का म्हणते, ती एकदा मला म्हणाली, “दादा, माझं मंगळसूत्र हरवलं होतं, तेव्हासुद्धा या माणसाने एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या.” बांधावरच्या मोजणीच्या दगडाला ते दसऱ्याला कुंकू लावत, आणि त्याच दगडावर बसून सरकारचा उद्धार करत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरील ते वर्ष. पोळ्यानंतर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजरी कशीबशी निसवली होती. अशा वेळी गावाचे पीक किती आले हे सरकार एका रीतीने ठरवते. गावातील पाच-सहा शेते चिठ्ठीने निवडतात, प्रत्येकात फिता लावून एक लहान चौकोन आखतात, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी बांधतात, आणि कापणीच्या दिवशी त्या चौकोनातले धान्य तोलून त्यावरून साऱ्या गावाची पैसेवारी काढतात. पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे. पन्नासांच्या खाली आकडा आला तर गाव टंचाईचे ठरते आणि गुरांसाठी सवलतीचा चारा मिळतो. वर गेला तर गावाने आपले आपण पाहावे. त्या वर्षी माणसांचे कसे तरी निभावले असते, रोजगार हमीची खडी फोडून लोकांनी दिवस काढले असते. पण गुरांना खडी खाता येत नाही. साऱ्या गावाची दावण त्या एका आकड्यावर अवलंबून होती.

चिठ्ठीत आबांचे शेत निघाले. चाळीसगावकडचा एक तरुण, सालस ग्रामसेवक आला, त्याने चौकोन आखला, खुंट्या ठोकल्या आणि जाता जाता सांगितले की कापणीपर्यंत याला जपा, कोणी हात लावू देऊ नका. त्याच्या मनात एवढेच होते की आपल्याआधी कोणी कणसे खुडू नयेत. परंतु आबांच्या कानी पडले ते निराळे. सरकारने आपल्या शेतात स्वतःची ठेव ठेवली आणि ती जपायला आपल्याला नेमले, असा त्यांनी अर्थ घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते गोफण घेऊन त्या दोरीपाशी बसू लागले. पाखरे बाकीच्या शेतात खुशाल बसत. त्यांना हाकलण्याचा आबांना विचारही नसे. विहिरीच्या तळाला गुरांपुरते पाणी उरले होते, त्यातले ते घागरीने आणून त्या चौकोनात घालू लागले. अक्का बोलली, रुसली, शेवटी तिनेच दुसरी घागर उचलली, कारण नवऱ्याचे उतरत्या वयातले कष्ट तिला बघवेनात. इतर ज्या शेतकऱ्यांकडे चौकोन पडले होते त्यांच्याकडेही आबा गेले आणि त्यांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. “सरकारनी ठेव शे ती. आपला दारशी सुकनी ते नाक कोठे ऱ्हाई?” ठेव आपल्या दारी सुकली तर नाक कुठे राहील, हे लोकांना पटले. आमची माणसेच तशी आहेत. दारी आलेल्या पाहुण्याला ती स्वतः उपाशी राहून जेवू घालतात. मग सरकार पाहुणे म्हणून आले तर त्याच्या पानात वाळका दाणा कसा वाढायचा? नवरात्रात मी गावी गेलो तेव्हा सारे शिवार भाजून काढल्यासारखे करपले होते, आणि त्यात पाच-सहा हिरवे रुमाल वाळत घातल्यासारखे ते चौकोन डुलत होते.

माझे पाप असे की मीही ते पाहून कौतुक केले. त्या कौतुकाचा अर्थ मला पुढे कळला.

कापणीला ग्रामसेवक आला. दोरीच्या आतली कणसे खुडली, मळली, तोलली. त्याच्या वजनावर आबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आपला ताणकाटा काढला, मातीत सांडलेले दाणे वेचून त्यात टाकायला लावले आणि आकडा थोडा वाढवून घेतला. त्या मुलाने करपलेल्या शेताकडे पाहिले, हिरव्या चौकोनाकडे पाहिले, आणि आकडा लिहून घेतला. त्याच्याजवळच्या तक्त्यात वजनाचा रकाना होता. पाणी कोणी घातले, पाखरे कोणी हाकलली, असा रकाना नव्हता. पैसेवारी जाहीर झाली. आजूबाजूची गावे टंचाईत बसली, तिथे चाऱ्याच्या मोटारी आल्या. आमचे गाव पन्नासांच्या चांगलेच वर निघाले.

त्या सुमारास एके सायंकाळी मी तिथेच होतो. रेडिओने सांगितले की काही भागांत पाऊस कमी होऊनही देशाचे उत्पादन समाधानकारक आहे. सवयीने आम्ही सारे आबांकडे पाहिले. ते उठले नाहीत. टोपी खुंटीवरच राहिली. जमिनीकडे पाहत ते म्हणाले, “मन्हा वावरमा.” माझ्या शेतात. आणि हात लांबवून त्यांनी रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी, गावाचा आकडा दुरुस्त करावा असा अर्ज लिहावयास त्यांनी मला बसवले. मी माझ्या परीने उत्तम भाषा योजली आणि ‘सदर प्रमाद अनवधानाने घडला’ असे वाक्य घातले. आबांनी ते वाचून खोडायला लावले. “अनवधानाने नाही, दादा. जीव लावून केलं आहे.” हे ते शुद्ध मराठीत बोलले. त्यांना राग आलेला नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

तालुक्याच्या कचेरीत आम्ही दोघे गेलो. अव्वल कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला बाक दिला, अर्ज वाचला, आणि आकडा आता जिल्ह्याला गेला असून जिल्ह्याहून पुढे गेला असेल, तो परत आणता येत नाही, असे सांगितले. आबांनी विचारले, “आकडा गाडीमा बसीन गया का? मंग पुढला टेसनले तार करा, उतारी ल्या म्हना.” मागच्या टेबलांवर हशा पिकला. कारकुनाने समजावले की प्रयोगाच्या चौकोनाला बाकी शेतासारखेच वागवायचे असते, असा नियमच आहे. हा नियम शेतकऱ्याला कोणी सांगायचा असतो, असे मी विचारले, तेव्हा तो कागद चाळू लागला. मग त्याला खरोखरच कुतूहल वाटले असावे. चष्मा काढून त्याने आबांना विचारले, “पण आबा, गुरांच्या तोंडचं पाणी काढून तुम्ही तिथं का घातलं?”

आबा म्हणाले, “तुम्हनी खुंटी व्हती म्हनीन.”

तुमची खुंटी होती म्हणून. कारकुनाने चष्मा पुन्हा लावला आणि शिक्का उचलला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला, आणि त्याखेरीज त्या अर्जाला आजवर काहीही मिळालेले नाही.

क्रोध हा शत्रू आहे असे मी पाठशाळेत आयुष्यभर शिकवले. तो शत्रू या एका बाबतीत मी अजून घराबाहेर काढलेला नाही, हे वाचकांपुढे कबूल करतो. ज्या राज्याविषयी माणसाच्या मनात इतका आदर आहे की त्याची लाकडी खुंटीसुद्धा तो तहानेने सुकू देत नाही, त्या राज्याला दोरीच्या पलीकडे चार पावले टाकून करपलेले शिवार पाहता येऊ नये? देशाच्या धान्याची बेरीज मोठी असेल, ती असो. परंतु त्या बेरजेत आमच्या गुरांच्या वाट्याचे पाणी मिसळलेले आहे, हे कोणत्या पुस्तकात लिहिले गेले? लबाडी करणाऱ्या गावांना चारा मिळाला असेल-नसेल, मला ठाऊक नाही. आमच्या गावाला तो निष्ठेपायी मिळाला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

वाट दाखवली ती त्या ग्रामसेवकानेच. तो एकदा खाली मान घालून आबांकडे आला आणि म्हणाला की चाळीसगावजवळ वडिलांचे शेत कालव्यावर आहे, उसाचे वाढे, म्हणजे शेंड्यांचा हिरवा पाला, पडून असतात, गुरे तिकडे न्या. ज्यांना नेणे शक्य नव्हते त्या साऱ्यांची गुरे आबांनी आपल्या गुरांत मिसळली आणि दोन गड्यांना घेऊन आठ दिवसांची वाट तुडवत ते तिकडे गेले. सबंध उन्हाळा ते एका कडुनिंबाखाली राहिले. दर पंधरवड्याला अक्काला पोस्टकार्ड येई. त्यात स्वतःविषयी अक्षर नसे, कोणाची गाय कशी आहे एवढेच असे, आणि अक्का ते घरोघर वाचून दाखवी.

आर्द्रा लागल्यावर ते परतले. गावाच्या तोंडाशी येताच गुरे आपापल्या घरांकडे आपोआप वळली. मी त्या दिवशी बहिणीकडे होतो. आबांचे बैल अंगणात आले, आबा आले नाहीत. पाहायला गेलो तर ते गावाच्या टोकाला एका एकट्या म्हातारीच्या ओट्याखाली, धुळीत बसलेले होते. तिची थकलेली गाय वैशाखात तिकडेच दगावली होती, आणि पोस्टकार्डात ते लिहिण्याचे त्यांना धैर्य झाले नव्हते. “माय, तुन्ही गाय नही उनी,” गाय आली नाही, एवढेच त्यांनी सांगितले. म्हातारी आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली, तो त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांच्या पांढऱ्या झालेल्या दाढीकडे बघत राहिली.

“तुम्ही उनात ना, आबा?” ती म्हणाली. “मंग बठ्ठं उनं.”

तुम्ही आलात, मग सगळे आले, असे ती म्हणाली. आबांनी तांब्या उचलला आणि धुळीत बसूनच ते पाणी प्याले.

वाचकहो, असा हिशेब मांडणारे अंतःकरण तुमच्या घरात नित्य नांदो. तुमच्या दारच्या मुक्या जिवांना चारा-पाणी कधी उणे न पडो, कणगीत दाणा राहो, आणि तुमचे शिवार पाहायला जो कोणी येईल त्याला भगवंत सबंध शिवार पाहण्याची दृष्टी देवो. कल्याणमस्तु.